सीमेवरची माणसे आणि राष्ट्रांचे पुढारी

(संस्थेच्या महोत्सवी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, देणगीदारांची नावे घ्यावीत आणि पुढील कार्यास शुभेच्छा देऊन खाली बसावे, असा रिवाज आहे. तो गौरव अहवालात सविस्तर आलेलाच आहे. म्हणून आज आम्ही जरा निराळा विषय घेण्याचे योजिले आहे. अर्वाचीन काळात राष्ट्रे कशी घडली, त्यांना घडविणारे पुढारी कोण होते, आणि त्यांच्या चरित्रांतून पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाने काय घ्यावे, असा तो विषय. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. तेव्हा आम्ही त्याची एकच बाजू धरणार आहो. ती बाजू म्हणजे सीमेवरची माणसे.

आपण सीमेवर राहतो ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा आपल्याला विसरच पडतो. सातपुड्याचा घाट उतरला की छिंदवाड्याचे पठार मागे राहते आणि जाम व कन्हान या नद्यांची काळी सपाट जमीन लागते. कपाशी तीच, संत्र्याचे बगीचे तेच, पोळा तोच, मारबत तीच. नागपूरकडच्या माणसाला आपण परक्या राज्यात आलो असे येथे जाणवतही नाही. पण रस्त्यावरची पाटी हिंदीत असते, सातबाऱ्याच्या जागी खसरा असतो आणि मुलाचे पाठ्यपुस्तक भोपाळहून येते. ही सीमा कोणी आखली, कधी आखली आणि का आखली, हे आपल्या तरुणांपैकी किती जणांना सांगता येईल?

आधी थोडा जगाचा फेरफटका मारू आणि मग घरी येऊ.

एकोणिसाव्या शतकात युरोपात राष्ट्रवादाचे वारे सुटले. इटलीत मॅझिनीने विचार दिला, गॅरिबाल्डीने तलवार चालविली आणि काव्हूरने मुत्सद्देगिरी केली. 1861 साली इटलीचे राज्य जाहीर झाले. जर्मनीत बिस्मार्कने तीन युद्धे करून 1871 साली साम्राज्य उभे केले. एक भाषा बोलणारे ते एक राष्ट्र, हे सूत्र ऐकायला फार गोड. पण भाषेच्या सीमा नदीसारख्या स्पष्ट नसतात. त्या उसाच्या रसात मिसळलेल्या लिंबासारख्या असतात. कोठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. बिस्मार्कने 1871 साली फ्रान्सकडून अल्सेस आणि लॉरेनचा भाग घेतला. 1918 साली तो फ्रान्सने परत मिळविला. 1940 साली पुन्हा जर्मनांनी गिळला. महायुद्ध संपताना पुन्हा फ्रान्सकडे आला. सत्तर-पाऊणशे वर्षांत एकाच घरातल्या म्हाताऱ्याचे राष्ट्रीयत्व चार वेळा बदलले, आणि तो मात्र आपल्या उंबरठ्यावरून हललाही नव्हता.

अशा मुलखात जन्मलेल्या माणसांच्या मनाचे काय होते? इतिहास पाहिला तर दोन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा पाहा. नेपोलियन जन्मला कॉर्सिका बेटावर, 1769 साली. ते बेट जिनोआने फ्रान्सच्या हवाली केले होते ते त्याच्या आदल्याच वर्षी. घरची बोली इटालियन वळणाची, फ्रेंच तो शाळेत शिकला, आणि त्याच्या उच्चारांना सोबती हसत. हाच मुलगा पुढे फ्रान्सचा सम्राट झाला आणि त्याने सारा युरोप रणांगण करून सोडला. स्टालिन जॉर्जियातल्या गोरी गावचा. रशियन बोलताना त्याचा जॉर्जियन हेल शेवटपर्यंत गेला नाही. क्रांतीनंतर निरनिराळ्या राष्ट्रजातींचे खाते प्रथम त्याच्याकडेच होते. आणि त्यानेच पुढे 1944 साली चेचेन आणि क्रीमियातील तातार लोकांना मुलाबाळांसह घरादारांतून उचलून हजारो मैल दूर नेऊन टाकले. हिटलर 1889 साली जन्मला तो ब्राउनाऊला, इन नदीच्या काठी. अलीकडे ऑस्ट्रिया, पलीकडे जर्मनी. ही सीमा पुसून टाकणे हेच त्याने आपले जीवितकार्य मानले, आणि ती पुसताना कोट्यवधी माणसे पुसली गेली.

आता दुसरी तऱ्हा. रॉबेर शूमान याचा जन्म 1886 सालचा, लक्झेंबर्गमधला. वडील लॉरेनचे, तो मुलूख जर्मनीने घेतला म्हणून ते जर्मन प्रजाजन ठरले होते. शूमानने कायद्याचे शिक्षण जर्मनीत घेतले आणि मेट्स शहरात, जर्मन अमलात, वकिली सुरू केली. 1918 नंतर तेच मेट्स फ्रान्सचे झाले आणि शूमान पॅरिसच्या लोकसभेत जाऊन बसला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला पकडले. तो निसटला आणि लपूनछपून राहिला. दुसरे नाव आल्चीदे दे गास्पेरी यांचे. ते 1881 साली ट्रेन्टीनो प्रांतात जन्मले. बोली इटालियन, पण राज्य ऑस्ट्रियाचे. व्हिएन्नाच्या विद्यापीठात ते शिकले, 1911 साली व्हिएन्नाच्या पार्लमेंटात निवडून गेले. आणि तोच प्रांत इटलीकडे आल्यावर ते इटलीच्या राजकारणात आले. मुसोलिनीने त्यांना तुरुंगात घातले. पुढे 1945 ते 1953 पर्यंत ते इटलीचे पंतप्रधान होते.

हे दोघे आणि ऱ्हाइनकाठच्या कोलोनचे जुने महापौर, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाऊर, असे तिघे युद्धानंतर भेटले. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री, इटलीचा पंतप्रधान आणि जर्मनीचा चॅन्सेलर यांना आपसांत बोलायला दुभाषा लागत नसे, कारण तिघांनाही जर्मन येत होती. 9 मे 1950 रोजी शूमानने जाहीर केले की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक सत्तेखाली ठेवावे. ज्या लोखंडाच्या तोफा होतात ते लोखंडच सामाईक झाले तर युद्ध करणार कशाने, हा त्यामागचा हिशेब. 1951 साली पॅरिसला सहा देशांचा करार झाला आणि आजच्या युरोपीय संघाचा पाया घातला गेला. ज्या दोन देशांनी सत्तर वर्षांत तीन युद्धे केली, ते आज एक नाणे वापरतात.

बंधुभगिनींनो, जन्म सगळ्यांचाच सीमेवर किंवा काठावर. मग फरक कशाने पडला? एकाच कारणाने सारे उलगडते असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. पहिल्या तऱ्हेच्या माणसांनी काठावर जन्मल्याचे शल्य मानले आणि ते लपविण्यासाठी केंद्रातल्या लोकांहूनही अधिक कडवे झाले. शूमान आणि दे गास्पेरी यांनी ते ज्ञान मानले. पलीकडचा माणूस कसा बोलतो, काय खातो, कशाला भितो, हे त्यांना घरातूनच ठाऊक होते. आपली भाषा त्यांनी टाकली नाही, आणि दुसऱ्याची भाषा येते याची लाजही धरली नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या प्रश्नाच्या फार जवळचे आहे. बाल्टिक समुद्रात ऑलंड नावाची लहान बेटे आहेत. लोक स्वीडिश बोलतात, पण राज्य फिनलंडचे. 1917 साली फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला तेव्हा बेटवासीयांनी स्वीडनमध्ये जाण्याची मागणी केली. प्रेसिडेंट विल्सन यांनी स्वयंनिर्णयाचे तत्त्व जगापुढे मांडले होते, त्याचा आधार त्यांना वाटला. त्यांचे पुढारी यूलियस सुंडब्लूम यांना 1920 साली फिनलंड सरकारने राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेतही टाकले. वाद राष्ट्रसंघापुढे गेला. 1921 च्या जून महिन्यात निकाल लागला: बेटे फिनलंडकडेच राहतील, पण तेथील शाळांची भाषा, जमीन आणि स्थानिक कारभार यांची लेखी हमी फिनलंडने द्यावी.

निकाल मागणीच्या विरुद्ध गेला. सुंडब्लूम यांनी काय करावे? रुसून बसावे? 1922 साली बेटांची स्वतःची विधानसभा भरली तेव्हा तिचे पहिले सभापती तेच झाले. नको असलेल्या निकालातून जे मिळाले ते त्यांनी नीट वापरले. शंभर वर्षे उलटून गेली. तेथील शाळांचे माध्यम आजही स्वीडिश आहे आणि बेटे आजही फिनलंडमध्ये आहेत. मोठ्या राष्ट्रांच्या मोठ्या पुढाऱ्यांपेक्षा हा छोट्या बेटावरचा पुढारी आम्हांला आपल्या अधिक उपयोगाचा वाटतो.

आता घरी येऊ.

आपला मुलूख मुळात देवगडच्या गोंड राजांचा. नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचाच राजा, आणि देवगडचा किल्ला आपल्याच बाजूच्या डोंगरात उभा आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे आला. तिसरे रघुजी 1853 च्या डिसेंबरात औरस पुत्रावाचून वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. 1861 साली मध्यप्रांत झाला, 1903 साली वऱ्हाड त्याला जोडला गेला. या प्रांतात मराठी आणि हिंदी अशा दोन भाषा आणि राजधानी नागपूर. सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यात होती आणि पांढुर्णा त्या वेळी सौंसर तहसिलीतच होते. जिल्हा वरच्या पठारावरचा, तहसील घाटाखालची. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही, कारण कचेरी छिंदवाड्यास असली तरी राजधानी, हायकोर्ट आणि बाजार ही सारी नागपुरातच होती.

1920 च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात भाषावार प्रांतिक समित्या करण्याचे ठरले. लागलीच पुढच्या महिन्यात गांधीजी छिंदवाड्यास आले, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. पण भाषावार वाटणीत आठ मराठी जिल्हे एका बाजूस आणि छिंदवाड्यासह हिंदी जिल्हे महाकोशलच्या बाजूस, अशी विभागणी रूढ होत गेली. जिल्ह्याच्या आत एक मराठी तहसील आहे, हा तपशील मोठ्या नकाशावर दिसत नव्हता.

स्वातंत्र्य आले. फाळणीच्या जखमेने देशाचे पुढारी धास्तावले होते. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांच्या समितीने 1949 साली भाषावार प्रांतरचना तूर्त लांबणीवर टाकावी असे सांगितले. पण 15 डिसेंबर 1952 रोजी आंध्रासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू यांचा प्राणांत झाला आणि धरण फुटले. 1 ऑक्टोबर 1953 ला आंध्र राज्य झाले. त्याच वर्षअखेर फाझल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचे मंडळ नेमले गेले. 1955 च्या सप्टेंबरात त्यांचा अहवाल आला. त्यात आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले होते. ती सूचना सरकारने मान्य केली नाही. आठ जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर आपणही.

याचे कारण कोणाचे वैर नव्हते. मंडळाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. गावागणिक भाषा मोजत बसले तर नकाशा गोधडीसारखा होईल आणि कारभार चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. पण पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद पाटसकरांनी गाव हा घटक धरून मिटविला, हेही खरे आहे. आणि बेळगावसाठी महाराष्ट्राने तेच तत्त्व मागितले. म्हणजे घटक कोणता धरावा हा ईश्वरी नियम नव्हता. घटक जिल्हा ठरला तेव्हा तहसिलीचा आवाज जिल्ह्याच्या बेरजेत बुडाला. आणि गंमत अशी की 2023 साली याच पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जो घटक 1956 साली असता तर प्रश्नच वेगळा झाला असता, तो सदुसष्ट वर्षांनी झाला.

एका दिवसात आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि हायकोर्ट जबलपूरला गेले. दाव्याच्या तारखेला सकाळी निघून संध्याकाळी घरी येणारा शेतकरी मुक्कामाची वळकटी बांधू लागला. ज्यांनी मराठीत चौथी केली त्यांना नोकरीसाठी हिंदीचे अर्ज लिहावे लागले. हे हाल आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसले, आणि त्यातूनच अशा संस्था उभ्या राहिल्या.

तेव्हा आपल्या पुढाऱ्यांत सर्वांत लांबचे कोणी पाहिले असेल तर ते डॉ. आंबेडकरांनी, असे आम्हांस वाटते. 1955 साली भाषावार राज्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. आणि त्याहून महत्त्वाचा इशारा असा दिला की भाषेचे राज्य झाले म्हणजे त्यातल्या लहान समाजांना मोठा समाज चिरडणार नाही याची तजवीज आधी करा. सीमेवरच्या माणसाने हा इशारा दोन्ही बाजूंनी ऐकावा. आपण मध्यप्रदेशात लहान आहो हे खरे; पण आपल्याच तहसिलीत गोंडी बोलणारे आपल्याहून लहान आहेत, आणि ते येथे आपल्या आधीपासून आहेत. आपल्या मराठीसाठी आपण जे मागतो ते त्यांच्या मुलांसाठी मागायला आपली जीभ का अडखळते? संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या यादीत त्यांची नावे दिसली पाहिजेत.

आता कोणी म्हणेल की हिंदीने आमची मराठी गिळली. हे बोलणे आम्हांला पटत नाही. दमोहकडच्या पथरियात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले थोर कवी. त्यांचे सख्खे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतले नामवंत कवी. एका आईची दोन मुले दोन भाषांत मोठी झाली. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे आयुष्यभर हिंदी मुलखात राहून मराठी काव्याचे भूषण ठरले. ज्याला आपली भाषा चांगली येते त्याला दुसरी भाषा भीती घालीत नाही. भीती वाटते ती दोन्ही अर्धवट येणाऱ्याला. आणि आज आपल्या घरांत नेमके तेच घडत आहे. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि आजीचे पत्र आले तर ते त्याला वाचता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत आपल्याकडे गोटमार होते. मधोमध पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दगड चालतात, डोकी फुटतात, कित्येकांचे जीवही गेले आहेत. आणि शेवटी झेंडा जातो तो चंडीमातेच्या चरणी, जी दोन्ही काठांची. राष्ट्रांचा इतिहास वाचताना आम्हांला पुष्कळदा ही नदी आठवते. झेंडा ज्या देवीला वाहायचा ती एकच आहे, हे माणसांना दगड मारून झाल्यावर आठवते. शूमान आणि दे गास्पेरी यांना ते आधी आठवले, एवढाच त्यांचा मोठेपणा.

शेवटी कामाचे बोलू. सुंडब्लूम यांनी हमीचा कागद वापरला. आपल्याजवळही कागद आहे. 1956 सालीच घटनेत 350 अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. त्याआधी 1949 साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की शाळेत अशी चाळीस मुले किंवा एका वर्गात दहा मुले असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. चाळीस आणि दहा. हे आकडे आपण पाठ करावेत. आपल्या संस्थेने पुढील वर्षात गावोगाव फिरून मराठी मुलांची मोजणी करावी. जेथे संख्या भरते तेथे पालकांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. जेथे भरत नाही तेथे रविवारी सकाळी दोन तासांचा मराठी वर्ग संस्थेच्या सभागृहात चालवावा. बालबोध वाचता यावे, घरी एक पत्र लिहिता यावे, आणि ज्ञानोबा-तुकोबांचे नाव ऐकून मुलाने तोंड वळवू नये, इतके झाले तरी पुष्कळ. 2024 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा दिल्लीहून येतो, पण बोलणारे मूल घरातूनच यावे लागते.

आपण महाराष्ट्रात नाही म्हणून कमी मराठी नाही, आणि मराठी आहो म्हणून कमी मध्यप्रदेशी नाही. आपल्या मुलांनी भोपाळला जाऊन उत्तम हिंदीत भाषण करावे आणि घरी येऊन आजीचे पत्र वाचावे. पुढेमागे यांतलाच एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी दोन बाजूंच्या भांडणात दोघांची भाषा बोलणारा मध्यस्थ म्हणून उभी राहिली, तर या संस्थेला दिलेला प्रत्येक रुपया कारणी लागला असे आम्ही समजू.